हिरव्या केसांवर मेंदी

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की लातुरात चौकाचौकांत शिक्षकांचे फोटो लागतात. मी एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवतो. बसस्टँडकडून येताना आमच्या क्लासचा जो मोठा फ्लेक्स दिसतो, त्यावर डावीकडून तिसरा मी. हाताची घडी, मागे निळा पडदा आणि डोक्यावर काळेभोर केस. फोटो जुना आहे आणि केस तेव्हाही रंगवलेलेच होते. त्या फोटोसारखं दिसत राहणं हा माझ्या नोकरीचाच एक भाग झाला होता.

यंदा उन्हाळ्यात डाय लावल्यावर कानामागे आग सुटली. दुसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, डोळे अर्धे मिटले. त्वचेच्या डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला, "काळा डाय कायमचा बंद." खरं सांगतो, त्या सुजलेल्या तोंडानं मी घरी आलो तेव्हा मनातून मोकळा झालो होतो. आता पांढरे ठेवायला कारण मिळालं होतं, तेही डॉक्टरांच्या सहीचं.

क्लासचे संचालक माझ्याहून बरेच लहान आहेत, पण नीट बोलतात. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि हसले.

"सर, फ्लेक्स छापून लागले पण. पालक उदगीरहून येतात, नांदेडहून येतात. फोटोतले सर कुठं हायत म्हणून विचारतात. डेमोच्या तासाला दुसराच माणूस उभा राहिला तर म्हणतील, काळ्या केसांचे सर पलीकडच्या क्लासनं फोडले."

"गणित तर तेच आहे ना, सर?"

"गणित तेच हो. पण पोरांना वाटतं, पांढऱ्या केसांचे सर बोर्डाचं शिकवतात आणि काळ्या केसांचे एन्ट्रन्सचं. तुम्ही बघा काहीतरी. डेमो होऊ द्या, मग मोठ्या बॅचचं ठरवू."

म्हणजे एन्ट्रन्सची मोठी बॅच अजून माझी ठरलेली नव्हती. त्यांच्या टेबलावर एका तरुण शिक्षकाचा अर्ज होता आणि त्याच्या केसांचा काळा रंग त्याचा स्वतःचा होता. मोठी बॅच गेली की संध्याकाळची, शाळेतल्या पोरांची पायाभरणीची बॅच उरते, आणि ती मिळालेला माणूस पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर नसतो. या वयात दुसऱ्या क्लासमध्ये मला कोण घेणार?

घरी बायको म्हणाली, "मेंदी लावू, वरून नीळ. कपड्याची नव्हं, झाडाच्या पाल्याची. माझ्या माहेरी सगळ्या बाया तेच लावतात." मी पाकिटावरची माहिती दोनदा वाचली. आधी मेंदी, ती केसांना तांबडं करते. त्यावर नीळ, ती तांबड्याला काळपट करते. पद्धत मला पटली. दोन पायऱ्या, क्रम चुकवायचा नाही.

क्रम चुकला नाही, वेळ चुकली. मेंदी लावून जेमतेम बसलो होतो तोवर गल्लीत ओरड झाली, नळ आले. आमच्याकडे नळाचं पाणी कितव्या दिवशी येईल याचा नेम नाही, आणि आलं की घरातल्या माणसानं डोक्याला काय लावलंय हे ते बघत नाही. मेंदी घाईघाईनं धुतली, मोटार लावली, टाकी भरली, पिंपं भरली. सगळं आटोपल्यावर ठरल्याप्रमाणे नीळ लावून बसलो. मेंदी नुसती पिवळटसर चढली होती, हे अंघोळीच्या खोलीतल्या अंधारात दिसलंच नाही.

धुऊन बाहेर आलो. बायको म्हणाली, "आवो, जरा उजेडात या."

"काय झालं?"

"काही नाही. या तर."

मी उजेडात गेलो. ती दाराची चौकट धरून खाली बसली आणि हसायला लागली. "मेथीची जुडी धुऊन ठेवल्यावानी दिसतंय," म्हणाली. मग माझं तोंड बघितलं आणि आरसा आणायला उठली.

मुळाशी हिरवे, मध्ये उतरलेल्या डायचे मळकट तांबूस, टोकाला जुन्या डायचे काळे. एकाच डोक्यावर तीन पट्टे. डेमो आठवड्यावर आला होता. मी दुधाला जाणं बंद केलं. क्लासला टोपी घालून गेलो, ऊन लागतं म्हणून सांगितलं. वर्गात पंख्याखाली टोपी घातलेला माणूस उन्हाचं कारण किती दिवस सांगणार?

तेव्हा मला सगळ्यात सोपा उपाय सुचला. वस्तरा. मी गावाकडे वडिलांना फोन केला. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. वडील थकलेत, पण फोनवर आवाज अजून शेतात हाक मारल्यासारखा.

"दादा, डोक्याला लई खाज सुटलीय. समदे केस काढून टाकावं म्हणतो."

पलीकडे ते खाकरले. मग म्हणाले, "बाप मेल्यावर काढ की. कोण अडवतंय?"

"तसं नाही दादा, औषधासाठी—"

"आरं, तू टक्कल करून यस्टीतून उतरलास तर लोक माझ्या दारात रडत येतील. मी बाजंवर बसून त्यांना च्या पाजू का?"

आमच्याकडे कुणाला काही विचारावं लागत नाही, पुरुषाचं डोकं बघितलं की कळतं. भादरलेलं डोकं म्हणजे घरात कोणीतरी गेलं. वडील असलेल्या मुलानं ते उगाच करायचं नसतं. बायको म्हणाली, तिरुपतीला जाऊन आलो म्हणा, तिथं तर सगळेच देतात. पण न जाता गेलो म्हणायचं, तेही देवाच्या नावानं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. आणि डेमोआधी जायला रजा कुठली?

डॉक्टर काळं करू देत नव्हते, संचालक पांढरं राहू देत नव्हते, वडील काढू देत नव्हते. हिरवं घेऊन कुठं जायचं?

मग मी वही घेऊन बसल्यासारखा विचार केला. हिरव्याच्या विरुद्ध रंग तांबडा. हिरव्यावर तांबडं चढवलं तर हिरवेपणा मरतो. पण इथं माझा धंदा मला आडवा आला. आमच्याकडे अधिक पाच आणि उणे पाच मिळून शून्य होतं, पाटी कोरी होते. केसांवर तसं होत नाही. दोन रंगांनी एकमेकांना मारलं की उरतो तो तपकिरी, आणि तो आधीच्या दोघांपेक्षा गडद असतो. पांढऱ्याकडे परत जाणारी बेरीज नाहीच. पांढरं फक्त नव्यानं उगवतं.

तरी तेच करायचं होतं. मेंदी चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत रात्रभर भिजवली. आधी कानामागच्या एका बटेवर लावून बघितली, हिरवं बुडालं, मगच सगळीकडे लावली. या वेळी शेजारी विचारून घेतलं की नळ येणार नाहीत. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रंग धरत नाही म्हणून प्यायच्या जारमधल्या पाण्यानं धुतलं. साबण नाही, शाम्पू नाही. अर्धा दिवस प्लॅस्टिकची पिशवी डोक्याला बांधून मी पलंगावर ताठ बसलो होतो, मान वळवली की कानात ओघळ यायचा. दाराची बेल वाजली तर बायको दारातूनच सांगायची, "झोपलेत." नंतर निळीचा पातळ हात, थोडाच वेळ. पहिल्या दिवशी झाक अजून हिरवट वाटत होती, मी आशा सोडली. दोन दिवसांत हवा लागून ती गडद होत गेली आणि डेमोच्या सकाळी आरशात एक तपकिरी केसांचा माणूस होता. उन्हात थोडा तांबूस.

डेमोला फळ्याकडे तोंड केलं की मागच्या पालकांची नजर मला डोक्याच्या मागच्या बाजूला जाणवत होती. कानामागे एखादी हिरवी बट राहिली असेल का, हे मनात आणि हातानं वर्गसमीकरण. पण शेवटी पोरांनी शंका विचारल्या, त्याही चांगल्या.

संचालक खूश होते. "सर, हा रंग तर काळ्यापेक्षा भारी दिसतो. मोठी बॅच तुमचीच." मग मला खिडकीजवळ उभं करून मोबाइलवर फोटो काढला. "हात बांधा. हां. आता हाच नवीन फ्लेक्सवर."

मी हात बांधले. शटरचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं, आता या तपकिरी फोटोसारखं दिसत राहायचं.

पावसाळ्यानंतर वडील डोळे दाखवायला लातूरला आले. बसस्टँडहून रिक्षानं येताना त्यांनी रिक्षा थांबवायला लावली आणि फ्लेक्सकडे बघत राहिले.

"केस तांबडे झालेत रं तुझे. ऊस तोडून आल्यावानी."

"मेंदी हाय, दादा. मास्तरकीला लागती."

"लाव मंग. मी हाय तवर वस्तरा तेवढा लावू नको."

"नाही लावत, दादा."

त्यांचे स्वतःचे केस शुभ्र आहेत, वाऱ्यानं उडतात. माझेही मुळाशी तसेच येतात, दर महिन्याला अर्धं पेर. ते तसेच येऊ द्यायला एकच वाट उरली आहे, वस्तऱ्याची, आणि ती वाट कोणत्या दिवशी उघडते ते मला माहीत आहे. हे गणित मी मांडत नाही. ते जितकं लांबेल तितकं बरं. मी शनिवारी कढईत मेंदी भिजवतो आणि शेजारी विचारून घेतो, उद्या नळ येणार आहेत का.