चौथं शील

पंचशीलात पाच शीलं असतात, हे मी आमच्या भागातल्या शेकडो लोकांकडून पाठ करून घेतलं आहे. स्वतःच्या घरात मात्र सव्वा महिना मी चारच म्हणत होतो. चौथं गाळत होतो, खोटं न बोलण्याचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर आणि बौद्धाचार्य. भन्तेजी नव्हे, घरदार असलेला साधा उपासक. पण लग्न, नामकरण, गृहप्रवेश आणि कुणी गेलं तर जलदान विधी, यांना गाथा म्हणायला लोक मला बोलावतात. पांढरा शर्ट घालून मोटरसायकलवर मी माजलगावापासून युसूफ वडगावापर्यंत फिरलो आहे. मयताच्या घरी माझं बोलणं ठरलेलं असायचं. 'दुःख आहे, हे पहिलं सत्य. तथागतांनी ते पहिलंच का ठेवलं? ते कबूल केल्याशिवाय पुढची तीन कळत नाहीत म्हणून.' लोक माना डोलवायचे, बाया पदर डोळ्याला लावायच्या. निघताना कुणीतरी म्हणायचं, "गुरुजी लई खंबीर माणूस हाय." ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

घरी आम्ही दोघंच. मुलगा नोकरीला पुण्यात. दिवेलागणीला मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची, मी एकेक ओळ म्हणायची आणि बायकोने ती मागून म्हणायची, हा आमचा चौतीस वर्षांचा शिरस्ता. ती चौथीपर्यंत शिकलेली. पालीतल्या जोडाक्षरांवर तिची जीभ अडखळायची आणि मी तिथल्या तिथे थांबवून तिला दुरुस्त करायचो. ती हसायची. "मी काय म्हनायलेय ते तथागताला कळतंय की. तुमालाच कळंना." मला वाटायचं, हिला अर्थाशी देणंघेणं नाही, पोपटासारखी म्हणते झालं. मास्तरकीचा ताठा निवृत्तीनंतरही उतरत नाही.

भाद्रपदात तिचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, अन्न जाईना. गावातल्या औषधाने उतार पडेना म्हणून लातूरला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावून सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरला आहे, ऑपरेशन करून उपयोग नाही, दोन-तीन महिने. मी बाहेर आलो. तिने विचारलं, "काय म्हनले?"

"कावीळच हाय. जरा जास्त हाय, उतरंल."

मला कुणी शिकवलं नव्हतं. आपसूक तोंडातून गेलं. मुलाला फोन केला तर तोही रडत म्हणाला, "बाबा, आईला काही सांगू नका, ती खचून जाईल." माझ्या खोट्याला घरातलाच साथीदार मिळाला.

त्या संध्याकाळी वंदनेला बसलो. तिसरं शील झालं. चौथं ओठांवर आलं आणि पुढे सरकेना. दिवसभर खोटं बोललो, आता 'खोटं बोलणार नाही' हेही खोटंच म्हणायचं? मी सरळ पाचव्यावर गेलो. तिने मागून पाचवं म्हटलं. उठताना मला हायसं वाटलं. काय ती हुशारी! खोटं तर बोलायचं, पण शील मोडायला नको म्हणून ते घ्यायचंच नाही. पळवाट काढण्यात शिकलेल्या माणसाचा हात कुणी धरत नाही.

पण खोटं एकटं राहत नाही, त्याला सोयरेधायरे लागतात. गावभर कावीळ झाली म्हटल्यावर शेजारीण काविळीची माळ घेऊन आली. बारीक काड्या दोऱ्यात ओवलेली माळ. ती डोक्यावर ठेवायची, हळूहळू वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. काड्या वाळतात, गाठी सैल होतात आणि माळ वाढते, हे मी शाळेत पोरांना करून दाखवलेलं. असल्या माळांवर मी भाषणं ठोकली होती. आता नको म्हणावं तर शेजारीण विचारणार, मग दवाखान्यात काय सांगितलं? मी माळ घेतली आणि माझ्या हाताने बायकोच्या डोक्यावर ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं.

सिरसाळ्याच्या बाजारात एक फळवाला आहे, आमची जुनी ओळख. दर आठवड्याला तो तिच्यासाठी निवडून पपई द्यायचा. पाचव्या आठवड्यात पपई पिशवीत टाकता टाकता म्हणाला, "गुरुजी, इत्ते दिन कावीळ रहती क्या?" मी पिशवी उचलली आणि चालू लागलो.

घरातलं बोलणं आटत गेलं. तिच्याजवळ बसायची मला भीती वाटू लागली, कारण बसलं की बोलावं लागतं. मी विहारात झाडायचं काम काढायचो, वाचनालयात शिळी वर्तमानपत्रं वाचायचो. ती खाटेवर पडून छताकडे बघत असायची. मधेच हाक मारून सांगायची, आमटीत घालायचं येसर त्या निळ्या डब्यात हाय, ज्वारीला कडुलिंबाचा पाला घालायला इसरू नका, भाकरी थापताना पानी बेतानं घ्या. "कावीळ उतरंस्तोवर तुमालाच करावं लागंल," असंही वर म्हणायची. मी आपला भाकरी थापायचो आणि ती फाटली की चिडायचो. ती मला कशासाठी तयार करते आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग युसूफ वडगावाहून जलदानाचा निरोप आला. एक म्हातारी गेली होती. मंडपात सत्तर-ऐंशी माणसं. मी पंचशील दिलं. पहिलं, दुसरं, तिसरं, आणि चौथंही. खणखणीत. लोकांनी मागून म्हटलं. परक्यांसमोर माझी जीभ जरासुद्धा अडली नाही. मग नेहमीचं बोलायला उभा राहिलो, 'दुःख आहे, हे पहिलं सत्य,' आणि पुढचं वाक्य आठवेना. कसंबसं आवरतं घेतलं. येताना रस्ताभर ठरवलं, आज सांगायचं. घरी पोचल्यावर मी तिला विचारलं, चहा घेतेस का. माझी सगळी सम्यक वाचा त्या चहात बुडाली.

संध्याकाळी मेणबत्ती लावली. तिला उचलून भिंतीला टेकवून बसवलं. तिसरं शील मी म्हटलं, तिने म्हटलं. मी पाचवं सुरू केलं. मागून आवाज आला नाही. वळून पाहिलं तर हात तसेच जोडलेले, आणि तिने चौथं शील म्हणायला घेतलं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, एकही जोडाक्षर न चुकता. मग ती थांबली. मी मागून म्हणावं म्हणून.

"म्हना," ती म्हणाली.

मला म्हणवेना.

"लातूरहून आलो त्या दिशीच तुमी हे गाळलं. मला तवाच कळालतं, ही कावीळ न्हाई म्हनून."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"वाट बघत होते. आज म्हनतील, उद्या म्हनतील. तुमी तर माळ घातली माज्या डोक्यावर. तुमी!" तिला धाप लागली. "सव्वा महिना झाला, या घरात मी एकटीच मरायलेय. तुमी बाजूला आसून."

आजवर मी पुष्कळांचं रडणं शांत केलं होतं. त्या दिवशी मी रडलो तेव्हा तिने मला रडू दिलं. मग मी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेलं रोगाचं नाव, मुलाचा फोन, सगळं. "किती दिस?" तिने विचारलं. मी तेही सांगितलं. ती म्हणाली, "एवढं तोंडातून काढायला सव्वा महिना लागला व्हय तुमाला?" मग मी चौथं शील म्हटलं. आवाज फाटका निघाला. तिने दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. मुलगा सुट्टी काढून आला, आईच्या पायाशी बसून राहिला. आम्ही तिघं खूप बोललो, कधी भांडलोही. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. मी अजून लोकांकडे जातो, पण पहिल्या सत्याबद्दल फार बोलत नाही. ज्यांच्या घरात ते घडलंय त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. घरी एकटाच वंदना म्हणतो. प्रत्येक ओळीनंतर सवयीने थांबतो. मागे काही नसतं. फार एकटं वाटतं. मार्गावरून चालणाऱ्याला असं वाटू नये म्हणतात. मला वाटतं.

त्या एकोणीस दिवसांतली एक दुपार मात्र मला रोज आठवते. मुलगा औषधं आणायला गेला होता. तिला कण्हायलाही त्राण नव्हतं. डोळे मिटूनच तिने विचारलं, "आवो, तुमाला भ्या वाटतं का?"

अनित्यावर काय बोलायचं ते मला तोंडपाठ होतं. शेकडो घरांत सांगितलं होतं.

"लई वाटतं," मी म्हणालो.

तिने चाचपडत माझा हात धरला आणि दुखत होतं तिथे पोटावर नेऊन ठेवला.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच वाटायलंय."