वहिनींची शाळा आणि पाचवी भाकरी

आता राज्य झालंय, दादा उजळ माथ्याने मिलमध्ये पाळीला जातो... म्हणून सांगायला हरकत नाही. परवा जेवताना त्याने भाकरी उलटीसुलटी करून बघितली आणि आम्ही दोघं येड्यासारखे हसत सुटलो. त्या हसण्यामागची ही गोष्ट.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ऐन दिवस. लालबागला आमच्या चाळीसमोरच्या शाळेत पोलीस उतरलेले, त्यामुळे शाळा बंद. मला काय, मी गणितात आपटून आधीच शाळेतनं मोकळा झालो होतो! पण बारकी पोरं दिवसभर गॅलरीत नुसता धुडगूस घालायची.

तेवढ्यात टोकाच्या खोलीतल्या वहिनींनी घरातच शाळा काढली. नवं बिऱ्हाड, गिरगावातनं आलेलं. बोलणं एकदम स्वच्छ, पुस्तकी... आणि फी नाही. फुकट कोण शिकवतं हो? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

शिकवायची तऱ्हा पण अजब. पुस्तक नावाला नाही. मिलमधल्या रिकाम्या बॉबिनी रचून पाढे. गॅलरीत ऊन कुठवर आलं तिथे खडूने रेघ मारायची, झालं घड्याळ! कुणाकडे कुठला मासा शिजतोय ते वासावरून ओळखायचं आणि तो कुठल्या बंदरातनं आला असेल ते शोधायचं... हा म्हणे भूगोल.

ज्यांची पोरं घरी बसून डोकं खातात त्यांनी करून बघा. माझी धाकटी बहीण बेबी, जिला शाळेत ओढत न्यावं लागायचं, ती सगळ्यांच्या आधी आंघोळ करून वहिनींकडे पळायची.

इथवर ठीक होतं. मग पोरं घरोघर विचारत फिरायला लागली. "काकी, तुमच्यात माणसं किती? काका कुठल्या पाळीला?" माझे कान टवकारले.

कारण आमच्या पोटमाळ्यावर दादा होता. मोर्चातनं पसार झालेला, पोलीस त्याच्या मागावर. तेव्हा साध्या कपड्यातले सीआयडी गल्लीत चणे खात उभे असायचे... कुणाचा भरवसा धरणार?

आईने तर डोक्याला हात लावला. "त्या बायेक आमची माणसा मोजून काय करूचा असा? बेबीक उद्यापासून धाडू नको."

मी म्हटलं, धाड गं, मी बघतो काय ते. आणि दुपारी वहिनींच्या खिडकीच्या फटीला डोळा लावला.

वहिनींनी जमिनीवर खडूने आमचा अख्खा मजला काढला होता. एक चौकोन म्हणजे एक खोली, आणि माणसागणिक एक चिंचोका. आमच्या चौकोनात बेबीने चार ठेवले. बाबा, आई, मी, ती. शाब्बास!

तर बाजूच्या खोलीतला पक्या पुढे सरकला आणि त्याने पाचवा ठेवला. "चार कुठे? पाच! त्यांच्यात न्याहारीला माणशी एक भाकरी असते, आणि काकी पाच थापते. मी रोज भिंतीला कान लावून मोजतो."

बेबी रडकुंडीला आली. वहिनींनी पाचवा चिंचोका उचलला, गुपचूप कनवटीला खोचला. बास! मी तिथनं सटकलो. बाईने पुरावा खोचला, अजून काय पाहिजे?

आता, मला पोलिसांची शिट्टी हुबेहूब वाजवता येते. पत्त्यांचे कितीतरी डाव मी नुसत्या शिट्टीवर उधळलेत. म्हटलं, उद्या वाजवू. बाई खबरी असेल तर बाहेर येऊन आमच्या दाराकडे बोट दाखवेल... मग बघतोच तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो आणि शिट्टी दिली ठेवून.

वहिनींच्या खोलीतनं पोरं सुटली. ओरडा नाही, काही नाही. दोघं जिन्यात आडवी बसली बॉबिनींचा किल्ला रचून, कुणी हात लावला तर भोकाड पसरायच्या तयारीत. एकीने सगळ्या दारांपुढच्या चपलांचा एकच ढीग केला, कुठल्या घरच्या किती ते कळूच नये. आणि पक्या... पक्या आमच्या दाराशी बसून भाकरी थापल्यासारख्या टाळ्या वाजवत मोठ्याने मोजत होता, "एक... दोन... तीन... चार!" आणि थांबला.

मागच्या जिन्याने दादा पसार झाला. त्याला पण माझी शिट्टी खरी वाटली! (अंधार पडल्यावर परत आला, तेव्हा मला दोन ठेवून दिल्या.)

वहिनी बाहेर आल्या. माझे गाल अजून फुगलेलेच. त्यांनी सरळ कान धरला. "हवालदार इतक्या सुरात वाजवत नाहीत हो."

"हे... हे काय चाललंय?"

"वजाबाकी. पाचातून एक गेला. काल तू खिडकीतून डोकावून गेलास, मग लगेच शिकवली." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी पोरांना माणसं मोजायला पाठवलं ते नकाशासाठी. कुणाकडे जास्तीचा निघेल, मला काय ठाऊक? पण पक्याला ऐकू येतं ते इतरांनाही येईल. आईंना सांग, उद्यापासून चारच थापायच्या."

"आणि पाचवी?"

"ती मी बघते."

तेव्हापासून बेबी रोज यायची ती पाटीखाली फडक्यात भाकरी घेऊन. गिरगावच्या हातची... जाडजूड, एका बाजूने करपलेली. दादा माळ्यावरनं कुरकुरायचा. आई खालून म्हणायची, "खा गप. बेबीचो गृहपाठ असा तो."

दादा वाचला तो त्या भाकरीवर, हे आम्ही विसरणार नाही. पण माझा एक संशय काही केल्या जात नाही. वहिनी एरवी खिडकी कडेकोट लावायच्या... मग त्याच दुपारी माझ्या डोळ्याएवढी फट कशी राहिली?

परवा जाऊन विचारलंच. वहिनी तांदूळ निवडत होत्या, मान पण वर केली नाही.

"माझी शाळा घरी बसलेल्या पोरांसाठीच होती. शाळा सोडून तूही घरीच होतास ना रे?"