धुण्याच्या यंत्राचं झाकण

राजेश्वर गावातल्या माझ्या दोस्तांनो, आजचंच सांगतो. हैद्राबादेत आमच्या धुलाईच्या दुकानातलं हातानं फिरवायचं यंत्र कुबट वास मारायलतं. धुतलेल्या चादरीलाबी तोच वास. मालक मला म्हणले, "आज वास गेला न्हाई तर गावाकडची वाट धर."

संगं काम करणाऱ्या औरादच्या मल्लम्माअक्कानं आत वाकून बघितलं.

"काम झालं की झाकण कामून लावतूस रे?"

"पाण्याचं भांडं उघडं कसं ठेवू, अक्का?"

"येड्या, ह्याच्यातलं पाणी पितूस व्हय? झाकणानं ओल आत कोंडून वास मारायलाय."

तिनं कढत पाण्यात सिरका, म्हंजे व्हिनेगर, घालून यंत्र फिरवलं, मग उन्हात उघडं ठेवलं. वास गेला!

वासाचं कारण कळल्यावर मालकानं विचारलं, "झाकण कोण लावायलतं?"

मी बोलायच्या आत अक्का म्हणली, "मीच की, साब." शिव्या तिनंच खाल्ल्या.

दोन महिन्याची ओळख आमची. खरं सांगा, तुमच्यातला कोण माझ्यासाठी एवढं खोटं बोलला असता?