आतोबांची डबल बेल

विजेच्या उघड्या वायरचा शॉक मी खाल्लाय, पण आमच्या आतोबांनी दिला तसा धक्का त्या वायरलाही जमला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. करी रोडला आमच्याच चाळीत, जिन्याशेजारच्या खोलीत राहतात. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, पण जीव सगळा बंद वस्तू उघडण्यात. स्वतःच्या लग्नात आहेर आलेला टेबलफॅन त्यांनी मांडवातच खोलला होता. "फोटोत बघ," आत्या सांगते, "माझ्या हातात हार, ह्यांच्या हातात पातं." जोडाजोड झाल्यावर स्क्रू उरतातच, ते बिस्किटांच्या डब्यात टाकत म्हणतात, "कंपनीवाले जास्तीचे लावतात रे."

आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पण नोकरी हवी तर परळच्या एका स्टुडिओत, माझ्याच लॅपटॉपवर, इमारतीचं थ्रीडी काम करून दाखवायचं होतं, तेही दुसऱ्याच दिवशी. लॅपटॉप सेकंडहँड, पाटासारखा जाड. त्याच्या ग्राफिक्स कार्डाला ते काम झेपेना. कार्ड सुटं निघणारं होतं, म्हणून जास्त ताकदीचं आणलं आणि आतोबांना मदतीला बोलावलं. मी स्क्रूड्रायव्हर घ्यायला वळलो तेवढ्यात त्यांनी लॅपटॉपच्या उघड्या पोटावर कुंकू लावलेल्या अक्षता वाहिल्या! मी किंचाळलोच. "आतोबा, मदरबोर्ड आहे तो!"

"मग काय झालं? नवीन पाहुणा येतोय."

मी ब्रशने सगळं झाडून काढलं. कार्ड बसवताना आतोबा त्याला सांगत होते, "सरका पुढे, आत जागा आहे."

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळी. रॅम काढून घातली, बॅटरी सोडवून जोडली, तरी काळीच. शेवटी जुनं कार्ड परत लावलं, तर तेही चालेना! "मारलात तुम्ही माझा लॅपटॉप! उद्या काय, पाट घेऊन जाऊ?"

"आता नारळही फोडा त्याच्यावर," आत्या दारातून म्हणाली.

"गप रव," आतोबा मालवणीत तिच्यावर डाफरले. "गाडी हलत नाय म्हणजे कोण तरी फुटबोर्डार उभो आसा." त्यांनी कार्ड काढलं, ते बसतं त्या खाचेत टॉर्च मारला आणि आत्याच्या भुवयांच्या चिमट्याने अक्षतेचा एक दाणा बाहेर काढला. त्याच्यामुळे कुठलंच कार्ड पूर्ण आत जात नव्हतं.

"बघ! लाल होता म्हणून दिसला," आतोबा म्हणाले. "कुंकू लावलं म्हणून!"

नवं कार्ड बसलं, स्क्रीन उजळली, आणि आतोबांनी बस सोडताना ओढायचे तशी हवेतली दोरी ओढली, "टिंग-टिंग!"

नोकरी मिळाली. ऑफिसने पापडासारखा पातळ लॅपटॉप दिला, तो मी धावत दाखवायला नेला. आतोबांनी उलटा केला, अंगठा फिरवला. "ह्यातलं कार्ड कसं काढायचं?"

"नाही निघत. बोर्डालाच पक्कं असतं."

त्यांनी बटण दाबलं. हात दोरीपर्यंत जायच्या आत स्क्रीन लागलीसुद्धा. हात अर्ध्यातून खाली आला. "बिनकंडक्टरची गाडी दिसतेय," ते म्हणाले, आणि बिस्किटांचा डबा उगाच हलवून बघितला.

मी लॅपटॉप पुन्हा बंद केला. "बेल द्या, आतोबा," म्हटलं, आणि त्यांचा हात वर जाईपर्यंत मी बटणाला बोट लावलं नाही.