डाव्या अंगाची तोटी

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारू पिऊन पाण्याचा टँकर पालथा घातला, ही गोष्ट मी अकरावीत असल्यापासून मनात धरून होतो. कधी बोलून दाखवली नाही आणि कधी सोडलीही नाही. माझा स्वभावच तसला. वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवण्यात माझी उमर गेली. तिथं केसाएवढा फरक दिसला तरी माझं डोकं फिरतं. माणसांचंही मी तसंच करतो, एकदा माप घेतलं की पुन्हा मोजायला जात नाही. बायको म्हणते, ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी हेल्मेट घालावं लागतं.

ते माप चुकलं होतं, हे मला कळलं एका रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकमुळं. त्याला कुणी खेळणं म्हटलं की मला राग येतो, म्हणून ट्रकच म्हणतो.

मागच्या दुष्काळात अण्णांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चार शब्द उरले: व्हय, नाय, पाणी आणि आयला. त्यातला आयला मात्र पहिल्यासारखा खणखणीत. व्यायामासाठी त्यांना उस्मानपुऱ्यात एका बाईंकडं न्यायचो. बाईंनी विचारलं, "आधी काय काम करायचे हे?" मी म्हणालो, "वॉचमन होते." "त्याच्या आधी?" मी अण्णांची चप्पल सारखी करायला वाकलो. माझी माय पुढं झाली आणि म्हणाली, "डायवर व्हते. टँकरवर." बाई म्हणाल्या, मग डाव्या हाताला त्यांच्या ओळखीचं काहीतरी द्या, नुसता चेंडू दाबून माणूस कंटाळतो.

आम्ही राहतो बायपासच्या पलीकडं. घर बांधलं तेव्हा चारही बाजूंनी ज्वारी होती. आता ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात आणि त्या सगळ्या इमारतींना मिळून नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही मनात आलं तर. उन्हाळा लागला की गल्लीत टँकर सुरू होतात. अण्णा ओट्यावर खुर्चीत बसलेले असायचे. टँकर वळला की त्यांची मान वर व्हायची, आणि गिअर कुणी चुकीचा टाकला की आतून आवाज यायचा, "आयला!" बाईंचं बोलणं ऐकून आलो त्या संध्याकाळी मी ते पाहत उभा होतो. अण्णांचाच ट्रक बनवावा, हे तिथं सुचलं.

फार प्रेम उतू गेलं होतं असं समजू नका. कर्तव्य म्हणून करत होतो. माझी एक कारागिरीची हौसही होतीच.

अण्णांची गाडी साधी नव्हती. मिलिटरीच्या लिलावातला जुना नाकवाला ट्रक होता, पुढची चाकंही ओढणारा. कंत्राटदारानं त्यावर टाकी चढवली की झाला टँकर. माझ्या लहानपणच्या दुष्काळात असे पुष्कळ झाले होते. जिथं साधा ट्रक रुतायचा तिथं अण्णांचा जायचा, म्हणून सिल्लोडकडची अवघड गावं त्यांच्या वाट्याला होती. सुट्टीत मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. टाकी विहिरीवर भरायची ती गच्च, आणि गावच्या विहिरीत ओतायची ती शेवटच्या थेंबापर्यंत. अण्णा म्हणायचे, "भरली टाकी म्हंजी गाय. रिकामी म्हंजी वासरू. पन अर्धी टाकी मारकं खोंड हाय, तिच्या नादाला लागू नाय." हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग झाला, ते पुढं येईलच.

मी अकरावीत असताना तो टँकर एका नाल्याच्या उतारावर उलटला. माणूस कुणी दगावलं नाही, पण ज्या गावाला पाणी चाललं होतं ते त्या दिवशी तहानलेलं राहिलं आणि गावकरी खवळले. ड्रायव्हर प्यायलेला होता, असं कुणीतरी म्हणालं, मग सगळेच म्हणायला लागले. अण्णा कधीमधी घ्यायचे, ते सगळ्यांना माहीत होतं. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा ते डोळे मिटून पडले होते, कपाळाला टाके, पायाला पट्टी. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी खाली वाकलो आणि त्यांचं तोंड हुंगलं.

वास आला. जखम पुसलेल्या स्पिरिटचा होता की दारूचा, हे ओळखण्याइतकी अक्कल मला होती. पण मला ठरवूनच टाकायचं होतं. कॉलेजात पोरं "बेवड्याचा" म्हणून चिडवायची. मी अण्णांशी कामापुरतं बोलू लागलो, आणि तो कामापुरता बाप-लेकाचा संसार पुढं पंचवीस वर्षं चालला. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. वाळूजला एका गेटवर वॉचमन म्हणून बसले, आणि मी त्याच रस्त्यानं कंपनीच्या बसमधून जायचो. कधी हात केला नाही. लिहिताना आज लाज वाटते.

तर ट्रक. सांगाडा, चाकं, मोटर आणि गिअर कुरिअरनं मागवले, खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाचे. बाकी सगळं माझ्या हातचं. केबिनसाठी पत्रा कापला, नाक ठोकून गोल केलं, स्प्रिंगच्या पाट्यांची एकेक पट्टी घासून घेतली. नमुन्याला एकच फोटो होता: अण्णा पायरीवर उभे आणि सात-आठ वर्षांचा मी बॉनेटवर बसलेलो. रोज कंपनीतून आलो की ओट्यावर पाट मांडून बसायचो. अण्णा बघायचे. आधी नुसतं बघायचे, मग डावं बोट पुढं यायला लागलं. आरसा खाली, नाय. शिडी मागं, व्हय. रंग बघून तर "आयला" असं म्हणाले की मी तो खरवडून पुन्हा लावला. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

भांडण झालं ते तोटीवरून. टाकीला मागं मोठा व्हॉल्व्ह होता, विहिरीत पाणी सोडायचा, तो मी केला. तरी अण्णा टाकीच्या डाव्या अंगावर, खालच्या बाजूला बोट ठेवून बसले. "पाणी," म्हणाले. मी फोटो दाखवला, फोटो उजव्या बाजूनं काढलेला. मी म्हणालो, "अण्णा, तिथं काही नसतं. टँकरला बाजूला तोटी कशाला? काय पाणपोई आहे का?" त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा. दोन दिवस तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. "बरं बाबा, घ्या तोटी!" म्हणून मी पितळेची बोटाएवढी तोटी तासून तिथं डाख देऊन बसवली. त्यांनी ती उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. डोळ्यांतून पाणी येत होतं. लकव्याच्या माणसाला उगाचच रडू येतं असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

एका बाबतीत मी आळस केला. मोठ्या टाकीच्या आत आडवे पत्रे घालतात, पाणी एका अंगाला धावू नये म्हणून. मी ते घातले नाहीत. आत कोण बघतंय, म्हटलं. टूलरूममध्ये कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला उभा जाळला असता.

रिमोट दोन काड्यांचा असतो, एका हातानं वळवायचं, दुसऱ्यानं पळवायचं. मी दोन्ही कामं डाव्या काडीवर घेतली. पहिल्या दिवशी ट्रक रिकामाच ओट्यावर सोडला. तो भिंतीवर आपटला, मायच्या सुपात शिरला, आणि अण्णा तोंड वाकडं करून हसले. आठ दिवसांत तो त्यांच्या बोटावर असा चालायला लागला की गल्लीतले लोक थांबून बघायचे.

मग एका रविवारी सकाळी खाणंपिणं आटोपल्यावर मी अण्णांची चाकाची खुर्ची शेजारच्या प्लॉटवर नेली. तिथं नव्या इमारतीसाठी खणलेल्या मुरुमाचा ढीग होता, अगदी नाल्याच्या काठासारखा. टाकी गच्च भरली, तर पाटे बसले आणि मोटर कण्हायला लागली. गाडी जागची हलेना. म्हणून मी निम्मं पाणी काढून टाकलं.

अण्णा लगेच म्हणाले, "नाय."

"चालेल हो, अण्णा. हलकी झाली आता."

"नाय. नाय!"

मी ऐकतो का कुणाचं? रिमोट त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी गाडी सोडली ती मुंगीच्या पावलांनी. ढिगावर चढली, वळली, उतरणीला लागली. उतारही मोठा नव्हता. आतलं पाणी एका अंगाला गेलं, गाडी जराशी कलली, पाणी परत दुसऱ्या अंगाला धावलं, आणि ट्रक आडवा. मी म्हणालो, हात चुकला असेल. उचलला, पुन्हा तेवढंच पाणी भरलं, या वेळी रिमोट मी घेतला. माझा हात डाय घासणारा, कापत नाही. त्याच जागी पुन्हा आडवा झाला.

अण्णांचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलत होते. इतक्या महिन्यांत न आलेला एक शब्द त्यांनी ओढून बाहेर काढला.

"अर्धी."

"व्हय अण्णा, अर्धी होती, म्हणून..." आणि तिथंच मला कळलं. ते माझ्या ट्रकबद्दल बोलत नव्हते. वेग नको, दारू नको, अर्धी टाकी आणि एवढासा उतार पुरतो, हे मी आत्ताच दोनदा पाहिलं होतं. पण अण्णांची टाकी अर्धी असेल कशी? भरायची गच्च, ओतायची सगळी. आणि अर्धी टाकी घेऊन कधी निघू नये हे तर त्यांनीच मला शिकवलेलं. मग उरलेली अर्धी गेली कुठं? माझी नजर ढिगावर आडव्या पडलेल्या ट्रककडं गेली. डाव्या तोटीतून पाणी मुरुमात ठिबकत होतं.

अण्णांना सावलीत बसवून मी ट्रक घेऊन घरात गेलो. माय गहू निवडत होती. मी ट्रक तिच्या पुढ्यात ठेवला आणि तोटीवर बोट ठेवलं. "माय, ही तोटी कशाला होती?"

तिनं ताट बाजूला सारलं. "आत्ता इचारतोस व्हय?"

मग ती बोलली. "त्या गावाच्या अलीकडं गायरानात वस्ती व्हती. यादीत नाव नाय म्हून टँकर नाय. बाया हंडे घिऊन रस्त्याच्या कडंला बसायच्या. आडव्या यायच्या नाय, वरडायच्या नाय, नुसत्या बसायच्या. तुझ्या बापाला ते बघवंना. कडंला गाडी उभी केली की त्यांना घेता यावं म्हून ह्यांनी डाव्या अंगाला तोटी बसवून घेतली. रोज एकेक हंडा द्यायचे, गावाला कळायचं बी नाय. पन त्या दिशी बाया तीन दिसाच्या तहानलेल्या व्हत्या. लई हंडे व्हते. ह्ये म्हनले, तोटी बंद करायला हातच हुईना."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनाला? गावच्या वाट्याचं पाणी वस्तीला दिलं म्हून गावाला सांगायचं? गावानं त्यांना जगू दिलं असतं व्हय? दुसरे डायवर बी थांबायचे तिथं गुपचूप, त्यांचंबी बंद झालं असतं. ह्ये म्हनले, दारुडा म्हनत्यात तर म्हनू दे. दारुड्याला कुनी पुढचं काय इचारत नाय."

मला राग आला, कुणाचा ते कळेना. "गावाला नाही, ठीक आहे. मला तरी सांगायचं होतं! मी घरचा होतो ना?"

माय पुन्हा गहू निवडायला लागली. आवाज चढवला नाही तिनं. "सांगनारच व्हते. दवाखान्यातून घरी आल्यावर मी म्हनलं, पोराला सांगा. तर म्हनले, त्यानं माझं तोंड हुंगलंय. आता काय सांगू त्याला."

मला वाटत होतं, त्यांचे डोळे मिटलेले होते.

बाहेर आलो तेव्हा अण्णा खुर्चीत तसेच होते, रिमोट मांडीवर, ऊन पायापाशी आलेलं. मी त्यांच्यासमोर मुरुमात बसलो. "अण्णा, त्या दिवशी दवाखान्यात मी..." एवढंच निघालं. हुंदका आला तो मी आवरला नाही. शेजारचे गवंडी बघत होते, बघू दे म्हटलं.

अण्णा म्हणाले, "व्हय."

मग त्यांनी डाव्या हातानं माझी कॉलर धरली. त्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मला ओढून तोंड त्यांच्या तोंडापाशी नेलं, वाकडे ओठ उघडले आणि "हाऽऽ" करून श्वास सोडला. मी मागं सरलो, तर पुन्हा ओढलं आणि पुन्हा "हाऽऽ" केलं. डोळे हसत होते की रडत होते, सांगता येत नाही. पण हात सोडत नव्हते.

मी हुंगलं. सकाळच्या बाजरीच्या भाकरीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वास होता.