ढवळ्या माळावरची सहल

साहेबांच्या गळ्यात पहिला हार पडला तेव्हा मी मागच्या जीपमधून उतरत होतो. हार पांढराशुभ्र होता आणि चांगला मनगटाएवढा जाड होता. आमच्याकडे पाहुण्याला झेंडू घालतात. यांनी एवढा मोगरा कुठून पैदा केला असेल, असं मनात म्हणत मी पुढे गेलो आणि जवळ जाऊन पाहिल्यावर जागीच थांबलो. जे फूल दाखवायला मी साहेबांना उस्मानाबादहून एवढ्या लांब आणलं होतं, तेच फूल शेकडोंनी दोऱ्यात ओवलेलं होतं. मी काही बोलायच्या आत माझ्याही गळ्यात एक हार आला. टाळ्या वाजल्या.

हे कसं झालं ते सांगतो.

मी तेव्हा उस्मानाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. घर परंड्याचं, शिक्षण हैदराबादेत आणि तेही उर्दूतून. पुढे मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेला. फायलींची भाषा बदलली, मोजमापं बदलली, साहेबलोक बदलले. झाडं तेवढी पूर्वीसारखीच उगवत राहिली.

बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना उस्मानाबादेत संध्याकाळी करायला काही नसे. म्हणून गावात मंडळं निघत. भजनाचं होतं, बॅडमिंटनचं होतं, आणि एक आमचं देशी वनस्पती मंडळ होतं. अध्यक्ष नळदुर्गकर वकील. गुलाब आणि झेंडू सोडून तिसरं फूल त्यांना ओळखता येत नसे, पण अध्यक्षाच्या खुर्चीत कसं बसायचं ते उत्तम कळत असे. चिटणीस मी, कारण मंडळात वनस्पतींची माहिती असलेला एखादा तरी माणूस असावा, असं कुणीतरी सुचवलं होतं.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे रानफुलं बघायच्या सहली. आता आमच्या भागात रानफुलं येतात ती पावसाळ्यात. वकीलसाहेब सहल ठेवीत कोर्टाला मोठी सुट्टी असे तेव्हा, म्हणजे मे महिन्यात. पहिल्या सहलीत आम्ही तापलेले दगड पाहिले आणि घरी आलो. दुसरी सहल नाताळच्या सुट्टीत, हुरड्याच्या दिवसांत निघाली. तिथे सगळ्यांनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पोटभर हुरडा खाल्ला. ज्वारी ही गवताच्याच कुळातली, म्हणून अहवालात ‘तृणकुळातील वनस्पतींचा सखोल अभ्यास’ असं आलं. ते वाक्य माझंच. नोकरी टिकवायची तर असली वाक्यं लिहिता यावी लागतात.

ढवळा माळ मात्र मला मंडळाशिवाय, एकट्याने सायकलवर हिंडताना सापडला. तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरावर एक सपाट पठार आहे. वर बोटभर माती आणि खाली काळा कातळ. उन्हाळ्यात तिकडे शेरडंसुद्धा फिरकत नाहीत. श्रावणात तिथे आमरी फुलते. आमरी म्हणजे ऑर्किड. काही आमऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात, ही जमिनीवरची. एकच पान, मातीला चिकटलेलं. त्यातून वीतभर देठ येतो आणि त्यावर एखाद-दुसरं पांढरं फूल. पण ती अशी दाटीने उगवते की लांबून वाटावं, कुणी माळावर धोतरं वाळत घातली आहेत.

आता थोडी मास्तरकी करतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या आमरीला जमिनीत सुपारीएवढा कंद असतो. फूल तोडलं तरी कंद मरत नाही, पुढच्या पावसात परत उगवतो. पण तो मातीतल्या एका बुरशीच्या आधाराने जगतो. कंद काढून बागेत नेला की बुरशी मागे राहते आणि कंद कुजतो. म्हणजे ही वनस्पती वाचवायची तर जागच्या जागीच वाचवावी लागते. माळाची माती गेली की ती गेली.

आणि माती जाणार होती. त्या वर्षी सरकारी कागदावर ढवळा माळ ‘पडीक’ ठरला. पडीक म्हणजे ज्यात सरकारला काही दिसत नाही ती जमीन. तिथे निलगिरी लावायचं ठरलं. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची, पण तेव्हा जिथे तिथे तिचंच कौतुक होतं. पद्धत अशी, की माळावर चर खणायचे, सगळी माती खरवडून चरांच्या कडेला ओढायची आणि त्या मातीत रोपं लावायची.

ज्यांच्या सहीने हे होणार होतं त्या साहेबांना मी त्यांच्या कचेरीत जाऊन भेटलो. साहेबांचं खातं कोणतं ते सांगत नाही. माणूस वाईट नव्हता. पूर्वेच्या कडेचा तेवढा तुकडा सोडा, अशी मी विनंती केली.

“त्यात काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“आमरी आहे साहेब. आपल्या जिल्ह्यात एवढी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.”

“फुलांसाठी जमीन सोडली असं मी वर काय तोंडाने सांगू, प्रोफेसर? तुम्ही मला ती दाखवा. डोळ्यांना दिसली तर तेवढा तुकडा सोडतो. माझा शब्द.”

मी खुशीत बाहेर पडलो. एखाद्या सकाळी साहेबांना गुपचूप घेऊन जायचं, माळ दाखवायचा आणि परत आणायचं, असा साधा बेत होता. फुलं मी माळाच्या खालच्या गावच्या सरपंचांवर सोपवून ठेवली होती. भगवानराव त्यांचं नाव. तोंडभर हसणारे, शब्दाला जागणारे. श्रावणात माळावर शेरडं जाऊ देऊ नका, एवढंच मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी आळीपाळीने माणसं बसवून माळ राखला. फुलं अशी आली की मलाच खरं वाटेना.

पण साहेब माळावर येणार ही खबर वकीलसाहेबांपर्यंत पोहोचली. साहेब फुलं बघायला जाणार आणि मंडळ घरी बसणार, हे त्यांना कसं पटावं? त्यांनी लगेच मंडळाची सहल जाहीर केली. मी म्हटलं, वकीलसाहेब, एवढा गाजावाजा नको, आपण दोघं-तिघंच जाऊ. ते म्हणाले, “शेखसाहेब, तुम्ही शास्त्र बघा, शिष्टाचार आमच्यावर सोडा.”

शिष्टाचार असा झाला. मंडळाने तालुक्याला कळवलं की साहेब रानफुलं पाहण्यास येत आहेत, तरी योग्य ती व्यवस्था ठेवावी. तालुक्याने ते तलाठ्याला सांगितलं, तलाठ्याने भगवानरावांना. ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘योग्य ती व्यवस्था’ म्हणजे काय हे कुणीही लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. मांडव, खुर्च्या, चहा, हार. साहेब येतातच आहेत तर पहिलं रोपही त्यांच्याच हस्ते लावून घ्यावं, अशी पुरवणी तालुक्याने वरून जोडली. म्हणजे जे थांबवायला मी त्यांना नेत होतो, त्याचंच उद्घाटन त्यांच्या हातून व्हायचं होतं.

तर हार पडल्यावर मी आजूबाजूला पाहिलं. कमानीला तीच फुलं. टेबलावर तांब्यात तीच फुलं. मांडवासमोर सारवलेल्या जमिनीवर ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं, तेही त्याच फुलांनी. मंडळाचे सभासद अक्षरांवर पाय पडू नये म्हणून जपून चालत होते. एवढी काळजी त्यांनी कुठल्या वनस्पतीची कधी घेतलेली मी पाहिली नव्हती. वकीलसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले की खेड्यातल्या लोकांना फुलांचं किती प्रेम असतं बघा.

मी भगवानरावांना बाजूला घेतलं.

“भगवानराव, ही फुलं कुठून आणली?”

“आपल्याच माळाची की सर. पहाटेपास्नं सारं गाव लावलं तोडाया. सायबानं एवढ्या लांबनं यायाचं आन् वर चिखलातनं माळ चढायचा, ह्ये काय बरं दिसतंय व्हय? म्हणून खालीच आणली.”

“सगळी?”

“एक बी ठिवलं न्हाय. तुमी म्हणला व्हता न्हवं, शेरडाला तोंड लावू द्यायचं न्हाय म्हणून? राखली, तवा तर एवढी निघाली. लई बेस झाला बगा हार.”

मी विचारलं, तोडायचीच होती तर राखली कशाला? त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. फूल देवाला जातं, नाहीतर पाहुण्याला. तिसरीकडे कुठे जाणार? माळावर राहून ते वाळणार, आणि वाळवायला कुणी फुलं राखतं का? त्यांच्या हिशोबाने ते अगदी बरोबर होतं. त्या माणसावर ओरडणार तरी कसा? त्यांनी मी सांगितलेलं काम मी सांगितल्यापेक्षा चांगलं केलं होतं.

भाषणं झाली. रोप मांडवाशेजारीच लावून घ्यावं अशी भगवानरावांनी सोय केली होती. पण साहेब शब्दाचे पक्के निघाले. म्हणाले, प्रोफेसरांना माळ बघायचं कबूल केलंय, बघणारच. मग सगळी वरात वर निघाली. मागून रोप आणि पाण्याची झारी.

वर जाऊन पाहतो तर माळ गुळगुळीत. साहेबांच्या पॅण्टीला कुसळं लागू नयेत म्हणून गवत विळ्याने खरडून काढलेलं. मधून झाडलेली वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याची फक्की. साहेब कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी पूर्वेला पाहिलं, पश्चिमेला पाहिलं.

“प्रोफेसर, कुठे आहे तुमची आमरी?”

“तुमच्या गळ्यात आहे, साहेब.”

त्यांनी हनुवटी खाली करून हाराकडे पाहिलं. “ही? अहो, ही हाराची फुलं आहेत.”

मी खाली बसलो. बोटांनी माती उकरली, पानासकट एक कंद काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. आज सकाळपर्यंत इथे पाय ठेवायला जागा नव्हती, असं सांगितलं. साहेबांनी कंद उलटासुलटा करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते मनापासून प्रयत्न करताहेत. पण समोर माळ होता, आणि माळावर काही नव्हतं. डोळ्यांना दिसलं तर सोडतो, असा शब्द होता.

“फुलं सुंदरच आहेत,” ते म्हणाले. “कॉलेजच्या बागेत लावा ना.”

“बागेत जगत नाहीत साहेब. या मातीत एक बुरशी असते, तिच्यावर...”

“बुरशी आहे?” साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग तर ही माती हलवलीच पाहिजे.”

मी पुन्हा तोंड उघडलं, तोवर वकीलसाहेब खोकले. साहेबांना पुढे तुळजापूरला दर्शनाला जायचं आहे, उशीर होतो आहे, अशी त्यांनी आठवण करून दिली. रोप पुढे आलं. झारी धरायला मंडळाचा माणूस हवा होता, आणि सगळ्यात जवळ मीच उभा होतो. साहेबांनी निलगिरी लावली, मी पाणी घातलं. मग त्यांनी गळ्यातला हार सारखा करून चार शब्द सांगितले. या माळावर आजवर गवताची काडी उगवली नाही, इथे आता हिरवं रान उभं राहील, असं ते म्हणाले. देशी वनस्पती मंडळाने टाळ्या वाजवल्या. त्याचा फोटोही निघाला. मी त्यात झारी आणि हारासकट आहे. पाहणाऱ्याला वाटेल, सगळ्यात खूश हाच.

दिवाळीपर्यंत चर खणून झाले. पूर्वेचा तुकडाही गेला. मंडळाच्या अहवालात या सहलीला ‘अत्यंत फलदायी’ म्हटलं आहे. यावेळी ते वाक्य लिहायला मी नकार दिला, तर वकीलसाहेबांनी स्वतः लिहिलं. मी चिटणीसपद सोडलं. माझ्या जागी वनस्पतींची अजिबात माहिती नसलेले एक गृहस्थ आले आणि मंडळाचं काम पूर्वीपेक्षा सुरळीत चालू लागलं.

पुढच्या श्रावणात मी एकटाच माळावर गेलो. निलगिरी गुडघ्याएवढी झाली होती. चरांच्या मध्ये उघडा कातळ होता. दिवसभर वाकून वाकून शोधलं. आमरीचं एक पान दिसलं नाही. मला तिथे बसून रडू आलं, आणि ते सांगायला आज लाज वाटत नाही.

त्यानंतर लवकरच भगवानराव उस्मानाबादला कामासाठी आले आणि कॉलेजात मला शोधत आले. बरोबर माझ्यासाठी उडदाच्या ओल्या शेंगा. जरा अवघडल्यासारखे बसले आणि मग म्हणाले, “सर, सायेब येणार हायेत झाडं बघाया. सांगावा आलाय, मागल्या साली घातला त्योच हार पायजे म्हून. मी म्हणलं, झेंडूचा करतो. न्हाय म्हणत्यात. माळावर तर आता फूल न्हाय. दुसरीकडं कुठं घावंल का?”

म्हणजे साहेबांना फूल आवडलं होतं. वर्षभर लक्षात राहिलं होतं. ते उगवतं कुठे, एवढंच राहिलं नव्हतं.

“नाही भगवानराव,” मी म्हटलं. “दुसरीकडे कुठेच नाही.”

हे खोटं होतं. त्याच महिन्यात हिंडताना मला आणखी एक लहानसा माळ सापडला होता. तिथे आमरी आजही फुलते. इतक्या वर्षांत मी तिच्यावर निबंध लिहिला नाही, विद्यार्थ्यांना नेलं नाही, कुठल्या मंडळाला कळवलं नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो, की एखादी गोष्ट जगावी असं वाटत असेल तर तिच्या सन्मानार्थ कार्यक्रम ठेवू नये. वाचक भले असतील यात शंका नाही, पण तो माळ कुठे आहे ते इथेही लिहीत नाही.