मागच्या चाकांचं स्टेअरिंग

निलंग्याच्या धान्याच्या मोंढ्यामागं विरूपाक्ष मिस्त्रीचं गॅरेज होतं. हातानं त्याच्याइतका हुशार माणूस तालुक्यात नव्हता, आणि तोंडानं त्याच्याइतका कडूही. गिऱ्हाईक बिघाड सांगायला लागलं, की तो पान्हा खाली ठेवून म्हणायचा, "तुला कळतंय तर तूच कर."

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. नव्या जिल्हा कचेरीनं टँकर सुरू केले, तेव्हा ठेकेदार ईश्वरप्पांनी लिलावातून लष्कराचा जुना ट्रक आणून त्यावर टाकी चढवली. चारही चाकांना जोर असलेली गाडी खडकातूनही निघायची. पण टेकडीवरच्या वस्तीच्या वाटेला दोन आवळ वळणं होती, तिथं ती अडायची. मागची चाकंही वळती करायची, हा एकच इलाज होता. तसल्याच दुसऱ्या ट्रकचा पुढचा, वळत्या चाकांचा अॅक्सल विरूपाक्षनं मागं बसवला.

आता ती चाकं वळवायची कशानं, यावरून भांडण पेटलं. विरूपाक्षचं म्हणणं, पुढच्या स्टेअरिंगपासून मागं लोखंडी रॉड न्यायचा. पुढची चाकं उजवीकडं वळली की मागची आपोआप डावीकडं वळतील. ड्रायव्हर सटवाजी भोकरकडचा. त्याला मागच्या चाकांसाठी ट्रॅक्टरचा हायड्रोलिक सिलेंडर हवा होता, तो चालवायचा दांडा केबिनमध्ये, आणि सडकेवर चाकं सरळ अडकवून ठेवायला एक खीळ.

"सडकेवर स्पीडमध्ये जरा वळवलं तरी शेपूट फेकंल मिस्त्री. वर टाकीत पाणी हाय," तो म्हणाला.

विरूपाक्ष ईश्वरप्पांकडं वळला. "याच्या हातात आणखी एक दांडा देऊ? आधीच सकाळी याचे हात कापतात."

सटवाजीनं दारू सोडून सहा वर्षं झाली होती आणि हे विरूपाक्षला ठाऊक होतं. ईश्वरप्पांनी मिस्त्रीचंच ऐकलं. रॉड बसला.

पहिले आठ दिवस गाडी वस्तीवर झकास चढली. विरूपाक्ष भेटेल त्याला ते ऐकवत होता. नवव्या दिवशी औराद रोडवर आडवं आलेलं जनावर चुकवायला सटवाजीनं स्टेअरिंग जरासं फिरवलं. ट्रकचं मागचं अंग बाहेर फेकलं गेलं, टाकीतलं पाणी एका अंगाला आलं आणि गाडी बाभळीवर जाऊन आदळली. सटवाजीचा हात दोन ठिकाणी मोडला.

"प्याला असंल," विरूपाक्ष चहाच्या हॉटेलात चारचौघांत बोलला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सायकलवर अपघाताच्या जागी गेला. मागच्या टायरांचे वळ पुढच्यांपासून हातभर बाहेर गेलेले होते. तो पुन्हा पुन्हा वाकून ते बघत राहिला. कुणी पाहत नसतानाही त्याचे कान तापले.

परत येऊन त्यानं रॉड कापून काढला. सिलेंडर बसवला, दांडा केबिनमध्ये नेला, खीळ घरच्या भट्टीवर स्वतः घडवली. ईश्वरप्पांनी विचारलं, तर गाडीला तेच लागत होतं म्हणाला.

सव्वादोन महिन्यांनी सटवाजी आला. प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून नीट वळत नव्हता. तो गाडीखाली शिरला, खीळ काढून-घालून पाहिली, मग बाहेर येऊन विरूपाक्षसमोर उभा राहिला.

"हे कुणी सांगितलं बसवायला?"

"गाडीच सांगते, काय हवं ते."

"गाडी बोलत न्हाई मिस्त्री. मी बोललो होतो. आणि तुम्ही हॉटेलात काय बोलला, तेबी मला कळलंय."

विरूपाक्षला माफीचा एक शब्द काढायचा होता. पण गॅरेजात दोन गिऱ्हाइकं उभी होती. "चालवायची नसंल तर किल्ली ठेव," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

सटवाजीनं किल्ली ठेवली नाही. पुढं पाऊस पडेपर्यंत त्यानं रोज दोन खेपा वस्तीवर नेल्या, गाडी कुठं खरचटलीसुद्धा नाही. मात्र ग्रीस घालायलाही तो ती लातूरच्या मिस्त्रीकडं न्यायचा, शंभर किलोमीटरचा फेरा मारून. मोंढ्यात विरूपाक्ष समोरून आला, तर सटवाजी त्याच्याकडं पाहून बाजूला थुंकायचा, आणि विरूपाक्ष मान खाली घालून पुढं जायचा.